जगल, जुगल आणि जुगार: इंग्रजी शब्दाचं मूळ आपलं आपण कसं तपासायचं

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीला जगलिंगचं, म्हणजे दोन-तीन वस्तू हवेत उडवून झेलत राहण्याचं, वेड लागलं. आधी मोज्यांचे गोळे, मग लिंबं, मग एक दिवस बटाटे, आणि तिसरा बटाटा फ्रीजखाली गेला तेव्हा मी बंदी घातली. त्याआधी मात्र मीच कौतुकाने तिचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता आणि तासाभरात त्याच्याखाली एक फॉरवर्ड येऊन पडला. जगल हा शब्द मुळात आपलाच, संस्कृत युगल, त्याचं झालं जुगल, दोन हातांची जुगलबंदी म्हणून जगल, इंग्रजांनी तो उचलला, अभिमान असेल तर पुढे पाठवा. खाली नऊ जोडलेले हात आणि दोन झेंडे.

खरं सांगू, मला ते पटलं होतं. बसतंय ना किती बरोबर! मग दुसऱ्या दिवशी ठाण्याहून ऐरोलीला जाताना ट्रान्स हार्बरमधे खिडकी मिळाली, म्हणलं बघू तरी, आणि असं करता करता आठवडाभर जाता-येता हेच चालू राहिलं. मी भाषेची वगैरे नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, पण हे तपासायचं काम बग शोधण्यासारखंच निघालं. तर जगलचं काय निघालं ते सांगतेच, आणि सोबत कुठलाही शब्द असा घरबसल्या कसा तपासायचा तेही.

पहिली गोष्ट म्हणजे डिक्शनरी लगेच उघडायची नाही. आधी एक-दोन दिवस नुसते कान उघडे ठेवायचे आणि तो शब्द कोण, कुठे, कशासाठी वापरतंय ते मोबाईलच्या नोट्समधे टाकत जायचं, पूर्ण वाक्यासकट, कारण एकटा शब्द लिहून ठेवला की दोन दिवसांनी काहीच आठवत नाही. माझ्या नोट्समधे आलं ते असं. सर्कसमधला जगलर, हा तर सगळ्यांना माहीत. ऑफिसच्या कॉलवर मॅनेजर, की आपण सध्या तीन रिलीज जगल करतोय. लिफ्टमधे भेटलेल्या पाचव्या मजल्यावरच्या काकू, "कसं गं जगल करतेस तू सगळं, घर, जॉब, पोरीचा क्लास". टर्फवर फुटबॉल शिकवणारा दादा पोरांना ओरडतोय, चला, पन्नास जगलिंग झाल्याशिवाय पाणी नाही, म्हणजे बॉल पायावर उडवत ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही. आणि पेपरात एका घोटाळ्याच्या बातमीत हिशेबाची पुस्तकं जगल केल्याचं. ही शेवटची नोंद बघा, बाकीच्यात कौतुक आहे आणि इथे एकदम चोरी. अशी एखादी नोंद कळपात न बसणारी दिसली ना, की ती सोडायची नाही. शब्दाचं जुनं घर बहुतेक वेळा तिथूनच सापडतं.

(जाता जाता, हा शब्द देवनागरीत लिहिला की एक गंमत होते. मी आईला मेसेज केला, "आज खूप कामं जगल करतेय". तिचा लगेच फोन, "अगं कोण जगलं? कोणाला काय झालं होतं?")

नोट्स जमल्या की दुसरं काम, शब्दाच्या पुढे काय येतंय ते बघायचं. शाळेत कर्म शिकलो होतो ना, तेच. जगल कशाला करतोय? बॉल, लिंबं, मशाली असतील तर साधा खेळ. कामं, मुलं, डेडलाइन, दोन नोकऱ्या असतील तर ओढाताण करून सगळं सांभाळणं. तारखा असतील तर मागेपुढे करून जमवणं. पण आकडे, हिशेब, अकाउंट्स, बुक्स हे शब्द पुढे आले की वास बदलतो, मग त्याचा अर्थ होतो फिरवाफिरव, लबाडी. हे मी नुसतं ज्ञान म्हणून सांगत नाहीये. आमच्या टीममधल्या एकीने अप्रेझलच्या फॉर्ममधे स्वतःबद्दल लिहिलं होतं की मी एकावेळी चार क्लायंट अकाउंट्स जगल करते, आणि परदेशातल्या साहेबाने कॉलवर हसत हसत विचारलं की ऑडिटरला बोलावू का. ती बिचारी लाल झाली. तिचं इंग्रजी चुकलं नव्हतं तसं, क्लायंट अकाउंट म्हणजे तिच्या डोक्यात ग्राहक होते, पण जगलच्या पुढे अकाउंट आलं की ऐकणाऱ्याचा कान तिकडेच जातो. तिथे हँडल किंवा मॅनेज लिहा आणि मोकळे व्हा.

आता डिक्शनरी. साधा अर्थ हवा असेल तर मेरियम वेबस्टर फुकट आहे, पुरे. मूळ हवं असेल तर एटिमऑनलाइन, डग्लस हार्पर नावाच्या माणसाने उभी केलेली साइट आहे, तीही फुकट. सगळ्यात मोठी ती ऑक्सफर्डची, जिचा पहिला भाग १८८४ मधे निघाला आणि शेवटचा १९२८ मधे, पण ती ऑनलाइन बघायला पैसे लागतात, आणि आपल्या कामाला पहिल्या दोन भागतात. गूगलवर शब्दाचं नाव टाकून पहिलं जे येईल ते वाचायचं नाही एवढं पाळा, कारण पहिलं जे येतं ते आमच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डचंच भावंड असू शकतं.

व्युत्पत्तीची नोंद वाचायची एक पद्धत आहे आणि ती कोणी सांगत नाही, त्यामुळे लोक पहिली ओळ वाचून सोडून देतात. त्या नोंदीत 'फ्रॉम' हा शब्द किती वेळा येतो ते मोजायचं. प्रत्येक फ्रॉम म्हणजे विहिरीची एक पायरी, एकेक फ्रॉम करत तुम्ही खाली, म्हणजे जुन्या काळात उतरताय. शेवटच्या फ्रॉमला पाणी. मधे कुठे 'परहॅप्स' किंवा 'प्रॉबेबली' आलं तर ती पायरी डुगडुगते, तिच्यावर पूर्ण वजन टाकायचं नाही. एखाद्या शब्दाच्या डोक्यावर छोटा तारा काढलेला असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी बाकीच्या शब्दांवरून मागे जाऊन बांधलेला आहे. 'कॉग्नेट' लिहिलं असेल तर तो बाप नव्हे, चुलतभाऊ, दोघांचा आजा एक. आणि जी तारीख दिलेली असते ती शब्दाच्या जन्माची नाही, तो लिखाणात पहिल्यांदा सापडला त्याची. लोक बोलत असतील त्याच्या आधीपासून, पण त्याचा पुरावा कुठून आणणार.

आता हे सगळं घेऊन जगलच्या नोंदीत उतरू. क्रियापद म्हणून ते इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या शेवटाला दिसतं आणि अर्थ काय, तर विदूषकी करणं, करामती दाखवून लोकांना हसवणं. बॉलचा पत्ताच नाही. फ्रॉम जुनी फ्रेंच, तिथे जोगलेर, म्हणजे खेळ करणं, गाणी गाणं, थट्टा करणं आणि फसवणं पण. फ्रॉम लॅटिन, तिथे योकुलारी, म्हणजे विनोद करणं. फ्रॉम योकुलुस, छोटासा विनोद. फ्रॉम योकुस, विनोद, गंमत, खेळ. (लॅटिनमधे तिथे अक्षर जे दिसलं तरी उच्चार य चा होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.) म्हणजे हा शब्द मुळात हातांचा नाहीच, तोंडाचा आहे! लॅटिनमधे योकुलातोर म्हणजे हसवणारा माणूस, आपल्या तमाशातला सोंगाड्या म्हणा. त्याचाच फ्रान्समधे जोंगलर झाला, जो गावोगाव फिरायचा, वाद्य वाजवायचा, गोष्टी सांगायचा, उड्या मारायचा, सुऱ्याही उडवायचा. गोंधळी, बहुरूपी, शाहीर आणि डोंबाऱ्याचा खेळ, सगळं एका पोटासाठी करणारा माणूस.

अजून एक बारीक गोष्ट मला फार आवडली. इंग्रजीत जगलर हे नाम जगल या क्रियापदाच्या आधीचं आहे, सुमारे ११०० सालचं तरी सापडतं, आणि त्याच्याही आधी जुन्या इंग्रजीत त्याचं एक रूप होतं ज्याचा अर्थ जादूगार. आधी माणूस आला आणि मग त्याच्या नावावरून, निदान काही अंशी तरी, तो काय करतो त्याचं क्रियापद पडलं. उलटं वाटतं ना? पण बर्गलर (घरफोड्या) आधी आणि बर्गल (घरफोडी करणं) नंतर, एडिटर आधी आणि एडिट नंतर, असंच झालेलं आहे. तेव्हा शब्दाची जोडी दिसली की क्रियापदच मोठा भाऊ असेल असं गृहीत धरायचं नाही, दोन्हीच्या तारखा बघायच्या.

डिक्शनरी सांगते ते खरं आहे का, हे जुन्या लिखाणात जाऊन बघायचं. हा भाग लोक टाळतात आणि मजा इथेच आहे. शेक्सपियरची सगळी नाटकं नेटवर फुकट आहेत, फाइल उघडायची आणि तो शब्द सर्च करायचा, बस्स. मॅकबेथमधे शेवटाकडे, त्या चेटकिणींचं भाकीत शब्दांत खरं आणि अर्थाने खोटं निघाल्यावर मॅकबेथ त्यांना जगलिंग सैतान म्हणतो, म्हणजे दुहेरी बोलून फसवणाऱ्या. अ मिडसमर नाइट्स ड्रीममधे हर्मिया आपल्या मैत्रिणीवर, हेलेनावर, खवळते आणि तिला जगलर म्हणते, कारण तिच्या मते हेलेनाने तिचा प्रियकर पळवलाय. आता हातात बॉल घेतलेली हेलेना डोळ्यापुढे आणून बघा, काही अर्थ लागतो का? लबाडे, ठगे, असं म्हणायचंय तिला. त्याच काळात, १५८४ मधे, रेजिनल्ड स्कॉट नावाच्या इंग्रजाने चेटूक वगैरे कसं थोतांड आहे हे दाखवणारं पुस्तक काढलं आणि त्यात नाणं गायब करणं, पत्त्यांच्या करामती या कशा करतात ते उघड करून सांगितलं. त्या सगळ्याला तो जगलिंगच म्हणतो. सर्च करताना एकच पथ्य, सापडलेल्या ओळीच्या वरच्या पाच आणि खालच्या पाच ओळी वाचायच्या. नुसती ती ओळ वाचली तर आपण आपल्याला हवा तो अर्थ तिच्यात घुसवतो, मी दोनदा केलं ते.

म्हणजे बघा, ती कळपात न बसणारी नोंद, हिशेब जगल करणारी, ती नवीन नाहीच. हातचलाखीने डोळ्यात धूळ फेकणं हाच जुना अर्थ, बॉल त्यात नंतर आले.

मग कधी आले? खेळ स्वतः प्रचंड जुना आहे. इजिप्तमधे बेनी हसन इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्याच्या भिंतीवर बायका चेंडू उडवून झेलताना रंगवल्यात, त्यातल्या एकीने तर हात अढी घालून धरलेत. पण क्रिया जुनी म्हणून शब्द तेवढाच जुना असं नसतं, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि ती वेगळी ठेवायची. इंग्रजीत जगल म्हणजे मुख्यतः वस्तू हवेत खेळवणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का होत गेला, आणि इथे फॉरवर्डवाल्याला थोडा दिलासा आहे, कारण या वळणावर भारत खरंच येतो. १८१० च्या दशकात भारतातल्या खेळ करणाऱ्यांच्या टोळ्या लंडनला जाऊ लागल्या. तलवार गिळणं, कपाखालचे गोळे गायब करणं, पितळी गोळे हवेत खेळवणं, हे सगळं करायचे आणि तिकडे त्यांना सरसकट इंडियन जगलर्स म्हणायचे. विल्यम हॅझलिटने १८२१ मधे याच नावाचा निबंध छापला. एक माणूस बसल्या जागी चार पितळी गोळे कसा खेळवतो हे बघून हा नावाजलेला लेखक हबकलाय आणि लिहितोय की यापुढे आपलं लिहिणं काय मोलाचं. त्या काळात तिथे सगळ्यात गाजलेलं नाव रामो सामी, बहुतेक मूळचा रामस्वामी असणार. अमेरिकेतही खेळ करून आला आणि १८५० मधे लंडनमधेच गेला, पार गरिबीत. मला हे वाचताना कसंतरी झालं. ज्याच्यामुळे लोक जगलर म्हणलं की उडते गोळे आठवायला लागले त्यातला हा एक माणूस, आणि आपल्याकडे कोणाला त्याचं नावही माहीत नाही. अभिमानाचं फॉरवर्ड करायचंच असेल तर याचं करा ना, जुगलचं कशाला.

मूळ सापडलं की त्याचे नातेवाईक शोधायचे, कारण एका शब्दावरून झालेली चूक सगळं खानदान समोर बसवलं की उघडी पडते. योकुसच्या पोटी इंग्रजीत जोक आहे, हा सतराव्या शतकात थेट लॅटिनमधून घेतलेला. जॉक्युलर, म्हणजे विनोदी, आहे. जेपर्डी पण आहे, ज्याचा अर्थ आज धोका. त्याचं मूळ वाटून घेतलेला डाव अशा अर्थाची जुन्या फ्रेंचमधली शब्दजोडी, म्हणजे पारडं कुठेही झुकेल असा खेळ, म्हणून अनिश्चित, म्हणून धोका. इटालियनमधे खेळाला जोको म्हणतात, पोर्तुगीजमधे जोगो. ब्राझीलवाल्यांचं फुटबॉलचं ते जोगो बोनितो, म्हणजे सुंदर खेळ, नेरूळला डी. वाय. पाटीलवर २०१७ मधे सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या मॅचेस झाल्या तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या तोंडात बसलेलं, त्यातला जोगो हाच. म्हणजे टर्फवरचा दादा जगलिंग म्हणतो आणि जोगो बोनितो म्हणतो तेव्हा तो एकाच घरातले दोन शब्द बोलत असतो आणि त्याला पत्ता नसतो.

आता जुगल. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. नियम असा, की आजची रूपं शेजारी ठेवून तुलना करायची नाही, दोघांचीही सगळ्यात जुनी रूपं काढायची आणि ती शेजारी ठेवायची. जुगल आलं युगलवरून, युगल म्हणजे जोडी, आणि ते युग आणि युज् यांच्या घरातलं, जुंपणं, जोडणं. संस्कृतच्या य चा आपल्याकडे ज होतो, यात्रेची जत्रा झाली तसं. तिकडे लॅटिनच्या य चा फ्रेंच-इंग्रजीत ज झाला, योकुसचा जोक. दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता, य चा ज. आणि योकुलारीतला जो क होता तो फ्रेंचमधे येताना मऊ होऊन ग झाला, जोगलेर. म्हणजे जगलमधला ग मुळात क आहे आणि जुगलमधला ग पहिल्यापासून ग. आज जगल आणि जुगल जुळ्यासारखे दिसतात, पण दोन हजार वर्षं मागे गेलात तर एकाचं नाव योकुस आणि दुसऱ्याचं युग. माणसं म्हातारपणी एकमेकांसारखी दिसायला लागतात ना, तसं झालंय, नातं काही नाही.

युगलचे खरे इंग्रजी नातेवाईक आहेत आणि ते जास्त मजेशीर आहेत. लॅटिनमधे बैलाच्या मानेवरच्या जोखडाला युगुम म्हणायचे. संस्कृतमधे युगम्, मराठीत शेतकरी म्हणतो जू. इंग्रजीत योक. त्या युगुमवरूनच मानेतल्या मोठ्या शिरेला जुग्युलर म्हणतात आणि नवरा-बायकोच्या नात्याला कॉन्ज्युगल, एका जुवाला जुंपलेले दोघे. आमच्या मिस्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, हे मात्र न तपासता पटलं.

जुगारचं प्रकरण तर याहून फसवं आहे आणि ते खास ठाणेकरांसाठी आहे. स्पॅनिशमधे खेळणं म्हणजे जुगार अशाच स्पेलिंगचं क्रियापद, पोर्तुगीजमधे जोगार, दोन्ही त्याच योकुसच्या घरातली. आणि आपल्याकडे पोर्तुगीज तर होतेच की, ठाण्यात त्यांनी १७३० मधे किल्ला बांधायला घेतला आणि १७३७ मधे मराठ्यांनी तो घेतला, आजचं सेंट्रल जेल आहे ना, तो तोच किल्ला. पोर्तुगीजांचे शब्दही आपल्याकडे ढिगाने आहेत, बटाटा त्यांचा, चावी त्यांची, काजू, घमेलं, आणि पगार पण, पोर्तुगीजमधे पगार म्हणजे पैसे देणं. इतकंच काय, तुरुंग हा शब्दही पोर्तुगीज त्रोंकोवरून आलेला. पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्यात आज पोर्तुगीज नावाची गोष्ट चालते, यापेक्षा अजून काय पाहिजे. मग पगार त्यांचा, तुरुंग त्यांचा, तर मधला जुगार पण त्यांचाच असणार? मीही हेच म्हणत मांडी थोपटली होती ट्रेनमधे. पण नाही. हिंदीत बघा, जुआ, जुआरी, हे संस्कृत द्यूतवरून आलेत, महाभारतातलं ते द्यूत. द्य चा ज होणं ही आपल्याकडची नेहमीची सवय, अद्यचं आज झालं, विद्युतची वीज झाली, तसं. आपला जुगार त्याच गोतावळ्यातला. जिथे पोर्तुगीज कधी गेलेच नाहीत तिथल्या भाषांतही त्याची भावंडं नांदतायत, हा पुरावा पुरतो. म्हणून शब्द परका आहे असं वाटलं की एक प्रश्न नेहमी विचारायचा, याचे भाऊबंद शेजारच्या भाषांत आहेत का? पगारचं मूळ संस्कृतात शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. जुगारला अख्खं गाव निघतं.

जगरनॉट पण कोणीतरी विचारेल म्हणून सांगते, तो खराच आपला, पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून, वाटेत येईल त्याला चिरडत जाणारं अवाढव्य काहीतरी असा अर्थ तिकडे घेतला गेला. स्पेलिंगची सुरुवात जगलसारखीच आहे, तेवढंच साम्य. मात्र एक योगायोग आहे. देवाच्या रथाखाली माणसं जीव देतात ही हकीकत युरोपात नेणाऱ्या पहिल्या लोकांत ओडोरिक नावाचा एक इटालियन ख्रिस्ती साधू होता, आणि हा चौदाव्या शतकात चक्क ठाण्याला येऊन गेलाय, १३२१ मधे इथे मारल्या गेलेल्या आपल्या चार धर्मबंधूंच्या अस्थी न्यायला. ठाण्याच्या मासुंदा तलावावर संध्याकाळी भेळ खाताना हे आठवलं की जरा वेगळंच वाटतं.

शेवटचं काम आपल्या भाषेसाठी. इंग्रजी शब्दाचा अर्थ पूर्ण कळलाय का हे तपासायला तो मराठीत प्रत्येक वापरासाठी वेगळा सांगून बघा. जगलला मराठीत एक शब्द नाहीच, आणि असायची गरजही नाही. घर आणि नोकरीला तारेवरची कसरत आहे, सांभाळणं आहे, मेळ घालणं आहे. तारखांना जुळवाजुळव. हिशेबाला हातचलाखी किंवा आकड्यांचा खेळ, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत, एजीएममधे, चिडून बोलायचं असेल तर सरळ घोळ. जुन्या अर्थाला नजरबंदी फार छान बसतो. जुने मराठी शब्द चाळायचे असतील तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो, आणि कागदाची सवय असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे जाऊन कोश बघायला मागा. नेटवर शोधताना हवा तोच शब्द मिळतो, कागदावर त्याच्या आजूबाजूचे दहा फुकटात.

राहता राहिला बॉल उडवण्याचा अर्थ, त्याला काय म्हणायचं यावर घरात वाद झाला. मिस्टर म्हणाले चेंडूफेक, लेक म्हणाली जगलिंगच म्हणा, काय प्रॉब्लेम आहे. आई तेव्हा आमच्याकडे होती, ती काही न बोलता उठली आणि आत जाऊन तिच्या पिशवीतून सागरगोटे घेऊन आली, खरे, झाडाचे, करड्या रंगाचे, झिजून गुळगुळीत झालेले. खाली बसली. एक वर उडवला, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे दोन उचलले, वरचा झेलला, आणि मग तिन्ही एकाच हाताने, एक वर, एक हातात, एक निघालेला, असे सात-आठ वेळा फिरवले. दुसरा हात मांडीवर. मान सुद्धा वर केली नाही. लेक तोंड उघडं टाकून बघत होती, कारण एका हाताने तीन हे तिच्या यूट्यूबवाल्या सरांनी पुढच्या लेव्हलला ठेवलंय. "आजी, याला काय म्हणतात?" तर आई म्हणते, "काय म्हणतात म्हणजे? खेळतोय."

आता तुमच्यासाठी सराव. तीन बॉलचा जो पहिला पॅटर्न शिकवतात त्याला कॅस्केड म्हणतात, एका हातातून निघालेला बॉल दुसऱ्या हातात पडतो आणि सगळं धबधब्यासारखं दिसतं, खारघरच्या पांडवकड्याचं पाणी जुलैत दिसतं तसं. एटिमऑनलाइनला जा आणि फ्रॉम मोजत उतरा. फ्रेंच लागेल, इटालियन लागेल, एक तारा असलेला शब्द लागेल, आणि तळाशी पडणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद. त्याच तळातून अ‍ॅक्सिडेंट, चान्स आणि केस हे शब्द कसे वर आले ते बघा. आणि ग्रुपवर कोणी कॅस्केड म्हणजे कासकड असं काही टाकायच्या आत बघून घ्या, कारण माझं जगलचं उत्तर मी तिथे टाकलं त्याला आज तीन आठवडे झाले, एक अंगठा आलाय, तोही आमच्या मिस्टरांचा.